आईच्या नावावर खपवलेल्या केळाच्या पुऱ्या

हे मी कुणापाशीच बोलले न्हाई. आमच्या ह्यांना अर्धं माहीत आहे, आणि त्या अर्ध्यावर ते गालातल्या गालात हसतात. उरलेलं अर्धं — ते माझं मलाच. तुमी काही माझ्या नात्यातले न्हाईत, वारंगा फाट्याला उतरून आमचं घर विचारत येणार न्हाईत. म्हणून सांगून राहिले. न्हाईतर काहून सांगितलं असतं?

आधी पुऱ्यांचं सांगते, ते सोपं आहे. केळं अशी घ्यायची की घरातलं कुणी हात लावणार न्हाई. साल काळी पडलेली, वास सुटलेला. ती हातानंच कुस्करायची. पाण्याचा थेंब घालायचा न्हाई. त्यात साबुदाण्याचं पीठ, चिमूटभर मीठ, थोडं तिखट, आणि गोळा हाताला चिकटायचा थांबेस्तोवर मळत राहायचं. जाडसर लाटायचं, वाटीच्या काठानं गोल कापायचं, मंद आचेवर तळायचं. वरून चॉकलेटी, आतून मऊ, गोड लागता लागता जिभेला तिखट. केळं बी उपासाला चालतं, साबुदाणा बी चालतो. महाशिवरात्रीला आमच्या गल्लीत आता घरोघरी होतात ह्या, आणि बाया त्यांना माझ्या माहेरच्या पुऱ्या म्हणतात.

माझ्या माहेरी असलं काही कधी झालंच न्हाई.

ह्या पुऱ्या युगांडाच्या. तिकडं त्यांना कबालागाला म्हणतात, रस्त्याच्या कडेला शेगडी मांडून विकतात. शेगडीला ते सिगिरी म्हणतात — पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रडू आलं होतं, इतक्या लांब आपल्यातला एक शब्द भेटला म्हणून. आमचे हे साखर कारखान्यात फिटर. इकडच्या कारखान्यांतली बरीच माणसं तिकडं नोकरीला जातात, तसे हे गेले आणि लग्नानंतर मागोमाग मी. वसाहतीत दोन खोल्या, लाल माती, चहूकडं ऊस. गाळप सुरू झालं की हे रात्री घरी न्हाईत, दिवसा झोपलेले. मी बोलणार कुणाशी? भिंतीशी?

नाम्बी वसाहतीच्या फाटकापाशी बसायची. माझ्याहून मोठी, धिप्पाड, हसली की सगळी हलायची. तिच्या शेगडीवर सकाळी चपात्या, त्यात आमलेट गुंडाळून कामगारांच्या हातात द्यायची. दुपारी भाजलेली कणसं. आणि संध्याकाळी ह्या पुऱ्या. ते चपातीतलं आमलेट ह्यांना अजून आठवतं. मी गोठ्यापाशी तीन दगड मांडून करून देते, कारण घरातल्या चुलीवर अंडं येत न्हाई. पुऱ्यांत ती साबुदाणा ज्या कंदाचा होतो त्या कंदाचंच पीठ घालायची. मी रोज तिच्याजवळ पाटावर बसायची. ती मला तिचं शिकवायची, मी तिला आमचं. चूल, हात, खा, घे, बस, न्हाई, व्हय. मला ती ताई म्हणायची, वयानं मोठी असून. किती हसायचो आमी त्या पाटावर. तेवढं हसणं मला परत कुठंच भेटलं न्हाई, खरं सांगते.

मग मला दिवस गेले. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी असतं. पण माझी आई तर मी शाळेत होते तेव्हाच गेलेली. आत्याबाई — सासूला आमी आत्याबाई म्हणतो — त्या इतक्या लांब येणार कशा? तर माझं बाळंतपण नाम्बीनं केलं. शेगडी बंद ठेवून केलं, स्वतःचा धंदा बुडवून. पोरीला पायावर घेऊन न्हाऊ घालायची, माझं अंग चोळायची, नाचणीची गरम पेज ढोसायला लावायची. मी नको म्हटलं तर डोळे वटारायची आणि माझ्याच बोलीत म्हणायची, "ताई, खा." माझ्या घरातल्या चुलीला सव्वा महिना तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागला न्हाई.

आता बघा, मी कुठून कुठं चालले. मुद्द्यावर यायचं म्हटलं की माझं असंच होतं.

पोरगी चालायला लागली आणि आमी परत आलो. पहिलीच महाशिवरात्र होती. मला फार आठवण येत होती, म्हणून मी पुऱ्या केल्या. आत्याबाईंचा उपास कडक. कुणाच्या हातचं आहे हे विचारल्याबिगर घोटभर पाणी घेत नसत. पुरी तोंडात घातली, डोळे मिटले, आणि विचारलं, "कुठं शिकलीस गं?" मी म्हणाले, "आमच्या आईच्या पद्धतीच्या आहेत ह्या." इतकं सहज. जीभ जराही अडखळली न्हाई. गेलेली बाई, तिला कोण विचारायला जाणार? आत्याबाई म्हणाल्या, "हात असावा तर असा." दर उपासाला म्हणायच्या. आईची तारीफ ऐकून मला बरं बी वाटायचं, हे आणखी एक. खरं सांगितलं असतं तर त्यांनी पुरी थुंकली असती का? कोण जाणे. मी त्यांना थुंकायची वेळच येऊ दिली न्हाई, आणि खरं कळून खायची बी न्हाई.

एवढंच असतं तर मी हे सांगत बसले नसते. एवढं ह्यांना बी माहीत आहे.

काही वर्षांपूर्वीची महाशिवरात्र. हळद शिजवायचे दिवस, अंगणात कढई चढलेली, हे तिकडं. स्वयंपाकघरात आत्याबाई आणि गल्लीतल्या बाया पानावर बसलेल्या, मी तळून राहिले होते. हे लगबगीनं आत आले, कुणाकडून तरी नंबर मिळवला होता त्यांनी. व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या हातात दिला आणि कढईकडं पळाले. फोनमध्ये नाम्बी. केस पांढरे, पण तीच ती. मला बघून सगळी हलली. मग तिला माझ्या मागं परात दिसली. "कबालागाला," म्हणाली, आणि टाळ्याच वाजवायला लागली.

बाया वाकून बघायला लागल्या. आत्याबाईंनी हातातला घास थांबवला.

"ही कोण गं? काय म्हणून राहिली?"

"कुणी न्हाई आत्याबाई. तिकडं आमच्याकडं कामाला होती. भांडी घासायची."

"हिच्या हातचं खाल्लं तर न्हाई ना तुमी?"

आणि मी म्हणाले — फोन हातात, तिचं तोंड माझ्या तोंडासमोर — मी म्हणाले, "न्हाई हो. हिला चुलीला हात लावू दिला न्हाई कधी."

चूल. हात. न्हाई. माझ्या बोलीतले कोणते शब्द तिला येतात, हे माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक होतं? मी बोलायच्या आधी मला ते ठाऊक होतं. तरी बोलले. आत्याबाईंना घाबरले म्हणावं तर ती म्हातारी मला आयुष्यात कधी आवाज चढवून बोललेली न्हाई. गल्लीत माझं नाव झालं होतं, आईच्या पुऱ्यांचं, तेवढंच राखायचं होतं मला.

नाम्बीच्या टाळ्या थांबल्या. ती माझ्याकडं बघत राहिली, मग माझ्या खांद्यावरून मागं, त्या पानावर बसलेल्या बायांकडं. तिला कळलं. कुठं अडले होते मी, ते बराबर कळलं तिला. मग तिनं आत्याबाईंकडं बघितलं, दोन्ही हात जोडले आणि माझ्याच सुरात, माझ्याच हेलात म्हणाली, "न्हाई. चुलीला हात न्हाई."

बाया हसल्या. आत्याबाई म्हणाल्या, "बोलते की गं ही. चांगलं वळण लावलंस कामवालीला." आणि घास तोंडात घातला.

मी बी हसले. तिला दिसेल असं हसले. मग फोन बंद केला आणि परातीतल्या उरलेल्या पुऱ्या तेलात सोडल्या. बायांना आग्रह करकरून वाढल्या त्या, आणि आईच्या आहेत, संकोच करू नका, म्हणाले.