मी कॉम्प्युटरची घरघर बंद केली

ऐका, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. ठसका लागला तर मी जबाबदार नाही. मूर्खपणा मी पुष्कळ केलाय, पण लाउडस्पीकर लावून, गाव गोळा करून केलेला हा एकच!

नांदेडहून बी.एस्सी. आणि वर कॉम्प्युटरचा कोर्स करून मी गावी परतलो, तेव्हा माझ्या डोक्यात क्रांती होती आणि एसटीच्या टपावर एक जुना कॉम्प्युटर. तेलंगणाच्या सीमेवरच्या भैंशाजवळचं आमचं लहानसं गाव. तिथल्या मुलींना कॉम्प्युटर शिकवायचा, तोही फुकट! का नाही? शहरातल्या पोरी शिकतात, मग कापूस वेचणाऱ्या पोरींनी काय घोडं मारलंय?

मारोतीकाकांनी, म्हणजे माझ्या सख्ख्या चुलत्यांनी, पिठाच्या चक्कीशेजारची त्यांची रिकामी खोली मला दिली. पण अट घातली.

"हे पाह्य बापू, पोरी येऊन राह्यल्या तोवर खोली तुयी. पोरी यायच्या बंद झाल्या का मी तिथं कापूस भरतो. घरात मले पाय ठेवाले जागा नाही."

"अहो काका, रांग लागेल रांग!"

रांग काही लागली नाही. पण पाच-सहा जणी यायला लागल्या. त्यातली सगळ्यात हुशार सुरेखा, आमच्या समोरच्या कमलाकाकूंची मुलगी. तिची बोटं त्या बटणांवर अशी चालायची, की नांदेडचे माझे सर पाहून गप्प बसले असते.

आता अडचण ऐका. खोलीत टेबल नव्हतं, म्हणून मी धान्याच्या रिकाम्या पत्र्याच्या कोठीवर कॉम्प्युटर मांडला होता. आणि त्याच्या मागे पॉवर सप्लायचा डबा असतो ना, त्यात एक पंखा असतो. हा पंखा म्हणजे दमेकरी! बटण दाबलं की आधी खाकरायचा, मग घर्रर्र करत जो सुटायचा… आमच्याकडे हंगामात हवेतसुद्धा कापूस असतो. त्याचे तंतू पात्यांना गुंडाळलेले, आतलं तेल कधीच वाळलेलं, आणि खाली पोकळ कोठी. म्हणजे पंखा जणू ढोलावरच बसवलेला! आवाज थेट हातपंपापर्यंत जायचा.

मला तो आवाज सहन होईना. का? अहो, माझी व्याख्यानं!

"मुलींनो, विज्ञान म्हणजे मुक्ती!" घर्रर्र.

"ज्ञानाचा हा प्रकाश…" घर्रर्र.

मुली माना डोलवायच्या. काय ऐकून डोलवायच्या, ते त्यांनाच माहीत.

एका रविवारी मी पेटलो. आजच्या आज या पंख्याचा बंदोबस्त! प्लग उपटला, स्क्रू काढले आणि डब्यात बोट घातलं. आता प्लग काढल्यावरही त्या डब्यात वीज काही वेळ मुक्काम ठोकून असते, तोवर थांबायचं असतं, हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं. पण थांबायला मला आजवर कुणीच शिकवू शकलेलं नाही. असा झटका बसला, की मी उंबरा ओलांडून थेट बाहेरच्या ओट्यावर!

दळण घेऊन बसलेली एक आजी म्हणाली, "कोनं ढकललं रे तुले?"

"विज्ञानानं!" मी कपडे झटकले आणि पुन्हा आत गेलो.

मग मात्र मी जीव लावून काम केलं. जुन्या टूथब्रशने पात्यांवरचा कापूस काढला. पंख्याच्या मधोमध चिकटवलेला कागद उचलून आत शिलाई मशीनचं तेल सोडलं. सायकलच्या ट्यूबच्या चकत्या कापून स्क्रूखाली बसवल्या. कोठीवर पोत्याची चौपदरी घडी अंथरली. बटण दाबलं.

शांतता! अशी शांतता, की यंत्र चालू आहे का ते मलाच मागे हात धरून पाहावं लागलं. वारा येत होता. मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली. खरंच मारली, हात पुरला तिथवर.

दुसऱ्या दिवशी खास नवं व्याख्यान तयार करून मी खोलीत बसलो. भिंतीवर माझ्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलंच होतं, 'वर्ग संध्याकाळी पाच वाजता'. पाच वाजले. साडेपाच वाजले. कुणी नाही.

तिसऱ्या दिवशीही कुणी नाही. चौथ्या दिवशी मी हातपंपावर सुरेखाला गाठलं.

"काऊन गं, येऊन नाही राह्यल्या तुमी?"

तिच्या डोक्यावर भरलेली घागर. ती म्हणाली, "दादा, आई म्हणे जाऊ नको, कायले उगीच…"

एवढं पुरे होतं! पुढचं ऐकायची मला गरजच काय? मुलगी शिकायला लागली की घरच्यांच्या पोटात दुखतं, हे मी पुस्तकांत वाचलं नव्हतं का? 'आई म्हणे जाऊ नको'! मी तिथून तरातरा निघालो. मागून ती काहीतरी ओरडत होती. मी मनात म्हटलं, रडत असेल बिचारी.

काकांच्या घरी गेलो तर ओट्यावर काय पाहतो? कापसाचं गाठोडं! आणि कमलाकाकू पदरातून आणलेला कापूस त्यात टाकताहेत! मला पाहताच काकांनी गाठोडं पाठीमागे सरकवलं.

"काका, हा कापूस कशाचा?"

"काही नाही. तू घरी जाय. दोन दिवसानं सांगतो तुले."

आलं ना लक्षात? पोरी घरी बसवल्या, आता खोली भरायला कापूस गोळा करताहेत! आणि त्यात सुरेखाची सख्खी आई सामील! माझं डोकं असं फिरलं म्हणता!

त्याच संध्याकाळी मी मारुतीच्या देवळात गेलो आणि भजनी मंडळाचा माईक ताब्यात घेतला. भजनीबुवा म्हणाले, "कोनी गेलं का रे?"

"या गावाचं भविष्य गेलं, बुवा!" मी म्हणालो आणि कर्णा चालू केला.

माणसं धावत आली. बाया पोरं कडेवर घेऊन आल्या. काकाही आले, गाठोडं काखेत मारूनच. मी सुरुवात केली.

"गावकऱ्यांनो! आजचा दिवस काळा आहे! इथल्या आयाबापांनी स्वतःच्या लेकींच्या पायात बेड्या ठोकल्या आहेत!"

कमलाकाकूंनी हात वर केला. "बापू, आमी का म्हणतो…"

"थांबा काकू! तुमचा विरोध मी नंतर ऐकतो!"

मी अंधश्रद्धेवर बोललो. सरंजामशाहीवर बोललो. निजाम गेला तरी निजामशाही डोक्यातून गेली नाही, यावर तर फारच सुंदर बोललो. काकूंनी तीनदा हात वर केला, तीनदा मी खाली करायला लावला. शेवटी घसा कोरडा पडला आणि मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. तेवढी संधी साधून काकू उठल्या.

"अरे पण तुयी मशीन बंद पडली न! पोरी येऊन का करतीन?"

तांब्या तोंडालाच राहिला. "बंद? कोण म्हणालं बंद?"

"आवाज कुठी हाय तिचा?"

मी तांब्या खाली ठेवला. काकू सांगायला लागल्या.

"लाईटीचा तं भरवसा नाही. बल्ब पेटते, पन मशीन चालाइतका जोर कधी रायते, कधी नाही. तुयी मशीन घरघरली का आमाले समजे, आता चालते म्हून. मंग पोरीले सांगो, सोड ते भाकरी, पय लवकर! रोजचं तसंच होतं न? रविवारपासून आवाजच नाही. आमी म्हटलं, जळली."

"पण भिंतीवर पाचची वेळ लिहिली आहे!"

"ते कोन वाचते?" मागून एक जण म्हणाला.

आमच्या चक्कीवाल्याने इंजिनाच्या धुराड्यावर मुद्दाम पत्र्याचा डबा उलटा बांधलाय. पुक-पुक-पुक गावभर ऐकू गेलं की बाया दळण घेऊन निघतात. आवाज नाही म्हणजे चक्की बंद. हे सगळं गाव जाणतं. त्याच चक्कीला लागून बसणारा मी सोडून!

आता तुम्ही म्हणाल, झालं, संपलं. छे! काकांनी काखेतलं गाठोडं माझ्यासमोर ठेवलं.

"घरोघरून ओंजळ ओंजळ मांगून राह्यलो होतो. मशीन जळाली म्हून तू तोंड पाडून बसशीन, असं वाटलं. हा कापूस इकून भैंशाच्या मिस्त्रीकडून मशीनच्या मोटरीत नवी तार भरून देऊ म्हटलं तुले. पहिली ओंजळ याच बाईची."

अख्खं गाव माझ्याकडे पाहत होतं. ज्यांना मी बेड्या ठोकणारे म्हटलं, ते लोक! आणि कर्णा अजून चालूच होता, त्यामुळे मी गिळलेला आवंढासुद्धा शेजारच्या गावापर्यंत गेला असणार.

"काकू, चुकलो मी," मी म्हणालो. तेही कर्ण्यावरूनच गेलं. बरंच झालं.

मग सगळी वरात खोलीवर. मी बटण दाबलं. पडदा उजळला, पण आवाज नाही. लोक माना हलवायला लागले. पोत्याची घडी काढली, चकत्या उपटल्या, तरी पंखा गप्पच. घातलेलं तेल थोडंच परत निघतं? शेवटी एका लग्नपत्रिकेचा जाड तुकडा फाडला आणि मागच्या जाळीतून पात्यांना टेकेल असा खोचला.

फर्रर्रर्र!

"सुधरली!" लोक ओरडले. हातपंपाकडून मुली पळत आल्या. काकांनी खोलीची किल्ली माझ्या खिशात टाकली. गाठोडं मात्र कुणीच परत घेईना, म्हणून पुढे त्याची मुलींना बसायला गादी शिवून घेतली.

सगळ्या बसल्या. आता अशा वेळी मला राहवतं का? मी पुढे झालो, हात उंचावला.

"मुलींनो, आजच्या या प्रसंगातून…"

फर्रर्रर्र.

"सुरेखा, तो कागद जरा बाहेर ओढ गं. माझं ऐकू येत नाही तुम्हाला."

सुरेखाने बटणांवरची बोटं उचललीसुद्धा नाहीत.

"राहू द्या न दादा तो कागद. त्याच्यानंच तं आमाले शिकाले जमते."