बाबांनी व्हिडिओ कॉलवर पास केलेली खटारा गाडी

माझ्या बाबांनी एकदा खटारा गाडीला फर्स्ट क्लास दिला होता.

बत्तीस वर्षं बस डेपोत मेकॅनिक असलेल्या माणसाने. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणाऱ्या माणसाने.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. सकाळपासून मला तीच गाडी आठवतेय आणि चक्क हसू येतंय.

मी अंधेरीतली बरी चाललेली नोकरी सोडली, पाठीवर सॅक टाकली आणि मैत्रिणीबरोबर, पल्लवीबरोबर, ऑस्ट्रेलियाला निघाले, तेव्हा बाबांनी माझ्याशी बोलणं बंद केलं.

भांडण नाही, काही नाही. नुसतं बंद. मी फोन केला की आईकडे द्यायचे आणि गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

आम्ही पर्थला होतो. आठ जणांच्या डॉर्ममध्ये, रोज मॅगी. किनाऱ्याने वर ब्रूमपर्यंत जायचं होतं. दोन हजार किलोमीटर, मधे मैलोन्‌मैल चिटपाखरू नाही. तिकडे बॅकपॅकर लोक जुनी गाडी घेतात, फिरतात आणि जाताना पुढच्याला विकतात. आमच्या बजेटमध्ये तेवढंच बसत होतं. पण गाडी मधेच बंद पडली तर ट्रिप तिथेच संपणार आणि आम्ही दोघी त्या रणरणत्या उन्हात.

पल्लवी म्हणाली, "यार, घरात एवढा मोठा मेकॅनिक आहे. विचार ना!"

"बोलत नाहीत ते माझ्याशी."

"मग आईला सांग."

आईला सांगितलं. पलीकडे खुसुरफुसुर. मग फोनवर बाबा.

"गाडी रात्रभर बंद हवी. सकाळी पहिला स्टार्ट मला ऐकव."

पाच आठवड्यांनी बोललेलं पहिलं वाक्य. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. तरी मी रडले.

दुसऱ्या दिवशी पर्थमध्ये आठ वाजले होते, घरी दिंडोशीत पहाटेचे साडेपाच. बाबा अंघोळ करून, चष्मा लावून स्क्रीनसमोर हजर. एका फ्रेंच जोडप्याची स्टेशन वॅगन होती. मी बॉनेटजवळ फोन धरला, त्यांनी चावी फिरवली.

बाबांनी डोळे मिटून ऐकलं.

"झकास! एवढं शांत इंजिन मी कधी बघितलं नाही. घेऊन टाक."

पल्लवीने कानांवर हात ठेवले. "अगं, डबा खडखडावा तशी खडखडतेय ही!"

"तुला जास्त कळतं की बाबांना?"

आम्ही उद्या पैसे घेऊन येतो म्हणून त्या जोडप्याला सांगून टाकलं.

दुपारी बाबांचा फोन. स्वतःहून केलेला.

"सकाळी तू ओरडून का बोलत होतीस?"

"इंजिनचा आवाज होता ना बाबा."

"माका तर काहीच ऐकू येत नव्हता."

तेवढ्यावरून त्यांना शंका आली होती. त्यांनी काय केलं माहितीये? शेजारच्या सावंतकाकांची रिक्षा खाली सुरू करायला लावली, आईला फोन देऊन मागच्या सीटवर बसवलं आणि स्वतः वर घरात बसून व्हिडिओ कॉल केला. आईचा आवाज स्वच्छ. रिक्षा गायब! व्हिडिओ कॉल माणसाचा आवाज ठेवतो आणि मागची घरघर गाळून टाकतो, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"घेव नको ती गाडी. तुझ्या फोनान माका फसवल्यान." आणि वर, "मी चुकलंय गो."

माझ्या बाबांच्या तोंडून हे वाक्य मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. आईनेही नसावं, कारण मागून तिचं "काय म्हणालात?" ऐकू आलं.

मग म्हणाले, "आता माझे कान उपयोगाचे नाहीत. तुझे लागतील. लांब स्क्रूड्रायव्हर घे. टोक इंजिनला लावायचं, मूठ कानाला. आणि आधी केस बांध, पट्ट्यात अडकतील!"

पुढचे सहा दिवस मी परक्या लोकांच्या गाड्यांवर ओणवी होऊन स्क्रूड्रायव्हर कानाला लावत होते. लोक बघायचे. बघू देत. प्रत्येक गाडीनंतर फोन. बाबा विचारायचे, मी तोंडाने आवाज काढून दाखवायचे. टकटक की खडखड? गरम झाल्यावर कमी होतो की वाढतो? धूर निळा की पांढरा?

तीन गाड्या आम्ही सोडल्या. चौथी होती एक फिकट हिरवी वॅगन, मागच्या दाराला पोचा आलेला, सीट फाटलेली. मी दहा मिनिटं ऐकत बसले.

"बोल," बाबा म्हणाले.

मी सगळं सांगितलं. वाटलं, आता निकाल देतील.

"तुला काय वाटतं?"

नोकरी, कॉलेज, कपडे, केस. तोवर कशाबद्दलही त्यांनी मला हे विचारलं नव्हतं.

"घ्यावी, बाबा."

"मग घे."

घेतली. ब्रूमपर्यंत एक पंक्चर सोडलं तर तिने काही त्रास दिला नाही. रोज संध्याकाळी मी मुक्कामाचं नाव कळवायचे, बाबा मॅपवर शोधायचे आणि सोसायटीतल्या अख्ख्या कट्ट्याला दाखवायचे. बोलणं बंद केलं होतं, हे बहुतेक ते स्वतःच विसरले होते.

ब्रूमला गाडी एका मुलाला विकली आणि बाबांना फोन केला.

"त्याला सगळं सांगितलंस ना? क्लच थोडा घसरतो ते?"

"सांगितलं."

"शाब्बास. आता पुढे कुठे?"

"घरी येते ना बाबा."

"घर काय पळून जातंय? गेली आहेस तर बघून घे अजून."

मी अजून दोन महिने फिरले. मग घरी आले. त्यानंतर सात महिने ते आमच्यात होते आणि आम्ही दोघं खूप बोललो.

बाबा, आई बरी आहे. मी पण मजेत आहे.

तुमची आठवण रोज येते. मन भरून नमस्कार.