घोळ पिवळी पडेपर्यंत

पेडगावच्या चतुराबाईंनी तीस वर्षं खुरपणाऱ्या बायांची टोळी चालवली. टोळीचा एक रिवाज होता. तणात खाण्याजोगी भाजी निघाली, तर ती खुरपणारीची. तांदुळजा, घोळ, पाथरी ओच्यात पडायची नि संध्याकाळी चुलीवर चढायची.

तणनाशक आलं आणि टोळी मोडली. आता पाठीला पंप लावून एकटा माणूस दिवसात चार एकर उरकतो. गावात हे काम चतुराबाईंचा पुतण्या परमेश्वर करतो. गळक्या पंपानं त्याच्या पाठीची कातडी दोन पावसाळे झाले उलतेय. विचारलं की म्हणतो, घामोळं आहे.

टोळी मोडली तरी चतुराबाईंची सवय मोडली नाही. यंदा लेक प्रियांका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना, आणि तिला घोळीची डाळभाजी खावीशी वाटली. चतुराबाईंनी शेजारच्या शिवशंकरच्या बांधावरून लुसलुशीत घोळ खुडून आणली. पोरीनं दोन भाकरी खाल्ल्या.

संध्याकाळी प्रियांका आत निजलेली असताना परमेश्वर चहाला आला. पातेल्यातली भाजी कुठली, ते त्यानं विचारलं आणि त्याची बशी हातातच राहिली.

"काकू, तिकडं कालच मारलंय मी."

"हिरवीगार होती की रे."

"चार दिस हिरवीच राहती. मंग पिवळी पडती." त्यानं मान खाली घातली. "शिवशंकरच्या बांधाला मारलं का पलीकडच्या, तेच ध्यानात येईना. दिवसाला वीस पंप मारायलोय."

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या निमित्तानं चतुराबाईंनी लेकीला परभणीला नेलं. तिला बाहेर बसवून डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. बाळाचे ठोके ठीक होते. पोटात तणनाशक गेलं का, किती गेलं, हे आज सांगता येणार नाही, त्या म्हणाल्या. उलटी-चक्कर आली तर लगेच आणा, नाहीतर पंधरा दिवसांनी या.

लेकीला चतुराबाई काही बोलल्या नाहीत. पण त्यांचा पाय घरात ठरेना. उजाडलं की बांधावर. घोळ हिरवी होती. एक पान चुरगाळून वास घेतला. वास कसलाच नव्हता. पुढच्या दिवशीही हिरवीच. आशा वाटायला लागली, तशी भीतीही वाढली.

"बांधात हंडा पुरलाय का गं?" प्रियांकानं टोमणा मारला. "रोज जायलीस, अन् भाजी एक दिस आणीत न्हाईस."

त्याच्या दुसऱ्या सकाळी घोळीचे शेंडे पिवळे पडले होते.

चतुराबाई घरी आल्या. प्रियांका तांदूळ निवडत होती. तिच्यासमोर बसून त्यांनी सगळं सांगितलं. प्रियांकानं दोन्ही हात पोटावर ठेवले.

"एवढं तू एकटीच घेऊन हिंडलीस व्हय?" ती म्हणाली.

त्याच दुपारी चतुराबाईंनी जुनं तांबडं लुगडं फाडलं आणि चिंध्यांची जुडी परमेश्वरच्या पंपाला अडकवली. जिथं मारशील तिथं आधी यातली एक बांधायची, त्यांनी बजावलं. तो हसला नाही.

आता शिवारात जागोजागी बाभळींना तांबड्या चिंध्या दिसतात. जिथं चिंधी नाही, तो बांधही चतुराबाई हात आखडून ओलांडतात. तपासणीला अजून आठ दिवस आहेत.