तीन चुली आणि एक पंगत

खर्ड्याच्या स्टँडवर एसटी लागली आणि पुतण्याने माझी ट्रंक टपावर चढवली. पाऊस न पडलेलं साल. घरातली सगळी कोयते घेऊन ऊसतोडीला निघालेली, घराला कुलूप लागणार, आणि उसाच्या फडावरच्या कोपीत माझ्यासारख्या म्हातारीची सोय कुठली? धाकटी जाऊ म्हणाली, "आक्का, कारखान्याचा पट्टा पडला, तोड संपली की परत आनतो तुमास्नी." जन्मभर शाळेत पोरांना 'रडू नका' म्हणून दटावलेली मी जामखेड येईपर्यंत रडत होते. गावाकडच्यांनो, हे तुम्हाला आज पहिल्यांदा सांगते आहे.

नगरचा वृद्धाश्रम स्वच्छ होता. महिन्याचे पैसे माझ्या पेन्शनीत कसेबसे बसत. शेजारच्या खाटेवर शेवगावची रहमतबी. रात्रभर आमच्या गप्पा चालत, पण जेवायची घंटा झाली की ती एका दाराने जाई, मी दुसऱ्याने. व्यवस्थापक भाऊसाहेब सज्जन माणूस. कुणाचा धर्म बाटू नये म्हणून त्यांनी तीन चुली मांडल्या होत्या: सोवळ्यातल्यांची एक, आम्हा शेतकरी घरच्यांची एक, मुसलमान-ख्रिस्ती आणि उरलेल्यांची एक. याचा त्यांना फार अभिमान होता.

मग दोन आचारी काम सोडून गेले. नवे जास्त पगार मागू लागले, लाकूडफाटाही महागला. भाऊसाहेबांनी सांगितलं, पुढच्या महिन्यापासून पैसे वाढणार. रहमतबी वळकटी बांधायला बसली. माझीही पेन्शन पुरणार नव्हती, आणि खर्ड्याला तर कुलूप.

आई म्हणायची, "परक्या घरी वाढतील तिथं बसावं, गप खावं." आईचं मी बरंच ऐकलं, हे ऐकलं नाही. भाऊसाहेबांसमोर जाऊन म्हटलं, "आचारी उरलाय एक, मग चुली तीन कशाला?"

"बाई, तुमच्याच माणसांसाठी. उद्या कुणी उपाशी राहिलं तर मी काय करू?"

"एक दिवस बघा तरी. रोजचं जेवण साधं, सगळ्यांना चालेल असं. ज्याला मटण हवं त्याने रविवारी मागच्या अंगणात वेगळं करावं."

दुसऱ्या दिवशी ओसरीवर एकच पंगत मांडली. भाकऱ्या रहमतबीने थापल्या. सगळे भिंतीला टेकून उभे, बसेना कुणी. मला राग आला, भीतीही वाटली. मी बसले, रहमतबीच्या हातून भाकरी घेतली आणि सगळ्यांदेखत पिठल्याशी खाल्ली. तरी कुणी हलेना. शेवटी सोवळ्यातल्या माई स्वतःचा पाट आणि तांब्या घेऊन आल्या, टोकाला हातभर अंतर ठेवून बसल्या आणि म्हणाल्या, "पाणी माझं मी घेईन. पिठलं वाढा." त्यांच्यामागोमाग सगळी ओसरी खाली बसली.

पैसे वाढले नाहीत. रहमतबीची वळकटी मी माझ्या हाताने सोडली. माईंचा पाट अजून वेगळाच असतो, त्याबद्दल कुणी त्यांना टोकत नाही. आधी आमचा श्लोक, मग रहमतबीची बिस्मिल्ला, मग डोळे मिटून ख्रिस्ती शांताबाईंची प्रार्थना, तोवर भाकरी गार. शांताबाईंची प्रार्थना लांबते, हे मी त्यांना तोंडावर सांगते.

गावी असताना स्वयंपाकघरात माझा शब्द कधी चालला नव्हता. म्हातारपणी, परक्या गावात, मी आख्खी पंगत बसवली. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवणार नाही.

पट्टा पडल्यावर पुतण्या न्यायला आला. ट्रंककडे बघत म्हणाला, "चल काकू. घर उघडलंय, झाडूनबी ठिवलंय." भलं पोर. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, पोरंबाळं, गुरं, सगळ्यांची चौकशी केली. तेवढ्यात घंटा झाली.

"दिवाळीला येईन चार दिवस," मी म्हटलं. "आता बस पंगतीला. आमच्याकडं आलेला पाहुणा जेवल्याशिवाय जात नाही."