आप्पांनी पाणी मारलेलं घर

नवीन घर बांधावं का, असं कोणी विचारलं की मी आधी त्यांना चहा देते. उत्तर लांबलचक आहे आणि चहाशिवाय ते ऐकवत नाही. परवा आमच्या शाळेतल्या एका बाईंनी विचारलं. त्यांनी काकतीजवळ प्लॉट घेतलाय आणि आता त्यांचे पाय मागे येताहेत. "बांधून झालं की माणूस सुखी होतं का हो?" म्हणाल्या.

"आधी काळं होतं," मी म्हटलं. "उन्हात उभं राहून राहून."

खोटं नाही ते. मेस्त्री त्याच्या गावच्या जत्रेला म्हणून गेला की जत्रा संपली तरी येत नाही. वाळू आली तर सिमेंट नसतं आणि दोन्ही आलं तर गडी नसतात. नवरा-बायको आयुष्यभर भांडली नसतील तेवढी स्वयंपाकघराच्या ओट्यावरून भांडतात. आम्हीही भांडलो. माझी जीभ मुळातच धारेची, त्यात सिमेंटची धूळ नाकात गेलेली. तरीही त्या बाईंना मी बांधा म्हणूनच सांगितलं. त्याचं कारण आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे.

आमचं गाव सांबऱ्याच्या अलीकडे. भाताची थोडी जमीन आहे. हे उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कामाला आणि मी मास्तरीण. जुनं घर मातीच्या भिंतींचं. त्याची मागची भिंत पोट काढून उभी होती आणि दर पावसाळ्यात ते पोट वाढायचं. पडायच्या आत नवीन बांधायला हवं हे सगळ्यांना कळत होतं. अडत होतं ते आप्पांपाशी. काचबिंदूनं त्यांची नजर गेली होती. आधी एका डोळ्याची, मग दुसऱ्याची, आणि शेवटी उजेड-अंधार एवढाही फरक राहिला नाही.

पण जुन्या घरात ते कुणाचा हात धरत नसत. पहाटे उठून न्हाणीत जायचे, चूल पेटवून पाणी तापवायचे, आंघोळ करून तुळशीला पाणी घालायचे, टॉवेल दोरीवर वाळत टाकायचे. पाहुण्यांना बराच वेळ कळायचंच नाही की यांना दिसत नाही. ह्यांनी नव्या घराचा विषय काढला तेव्हा आप्पा जेवत होते. घास तसाच हातात धरून म्हणाले, "बांधा की. न्हाय कोन म्हंतंय? पर ह्या घराची वाट माझ्या पायास्नी ठावं हाय. तितं मी पावन्यावानी बसून ऱ्हाईन. कोन हात धरंल तवा उठीन."

त्यांनी ते रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले आणि उरलेला भात संपवला. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

घर मागच्या खळ्यातच बांधायचं ठरलं. खानापूरकडचे चिरे आले, जोतं झालं, भराव पडला. आप्पा रोज चिऱ्यांच्या ढिगावर येऊन बसायचे. आता, बांधकामाला सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं, नाहीतर सिमेंट ताकद धरत नाही. हे सकाळीच कारखान्यात जाणार, मी शाळेत. मेस्त्री कानडी माणूस, तोंडाचा फटकळ. पाणी मारायला माणूस ठेवा म्हणून त्यानं आमच्या मागे टुमणं लावलं होतं. एक दिवस आप्पा ढिगावरूनच म्हणाले, "मी मारतो पानी."

ह्यांनी साफ नको म्हटलं. पडतील, लागेल, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, "अवो, जन्मभर भाताला पाणी पाजलंय त्यांनी. भिंतीला पाजू द्या." मेस्त्रीला माणसाशी मतलब. त्यानं जुन्या घराच्या मागच्या दारापासून नव्या जोत्यापर्यंत काथ्याचा दोर ताणून बांधला, आप्पांच्या हातात पाइप दिला आणि म्हणाला, "अज्जा, नीर हाक्री." म्हणजे आजोबा, पाणी घाला.

तेव्हापासून आप्पा कामाला लागले. एका हातानं दोर धरून जायचे आणि जोत्यावर चढले की दोर सोडून भिंत धरायचे. भिंत तेव्हा गुडघ्याएवढी होती. एक तळवा चिऱ्यावर, दुसऱ्या हातात पाइप. तळव्याला चिरा गरम लागला की तिथं पाणी. भिंत मांडीपर्यंत आली, कमरेपर्यंत आली, छातीपर्यंत आली. आप्पांचा तळवाही तिच्याबरोबर वर चढत गेला. संध्याकाळी मी शाळेतून आले की मलाच सांगायचे, "आज सैपाकघराची खिडकी सुटली गं. लई मोठी ठेवलीय. वारं येतंय गार." स्लॅब पडल्यावर त्यावर मेस्त्रीनं मातीचे बांध घालून पाणी साठवलं. आप्पांना ह्यांनी धरून वर नेलं. वाकून पाण्यात हात घालून आप्पा हसले आणि म्हणाले, "ह्यो तर भाताचा वाफा झाला रं. रोप लावायचं ऱ्हायलंय बग."

घराचा नकाशा आमच्या कपाटात होता. मला तो कधी नीट कळला नाही. आप्पांना घर कळत होतं. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे घर बांधतोय ते चुकत नाही.

आणि नेमकं तेव्हाच चुकलं. नणंदेच्या नातवाचं बारसं होतं म्हणून आप्पा निपाणीला गेले आणि लेकीनं त्यांना चार दिवस ठेवून घेतलं. इकडे कारखान्यातल्या कुणीतरी ह्यांना संकेश्वरचा एक वास्तू बघणारा सुचवला. तो आला आणि घरभर हिंडला. न्हाणीचं दार चुकीच्या दिशेला आहे, असंच दार जुन्या घरात असणार आणि म्हणूनच वडिलांची दृष्टी गेली, असं त्यानं सांगितलं. ह्यांचा चेहरा पडला. आप्पांच्या डोळ्यांसाठी ह्यांनी हुबळीपर्यंतचे दवाखाने पालथे घातले होते. शेवटचा उपाय म्हणून ह्यांनी ते दार चिरे लावून बुजवलं आणि बाजूच्या भिंतीत नवीन पाडलं. मी खानापूरला ट्रेनिंगला होते. मुक्काम करून परतले तर आप्पाही त्याच दुपारी परतलेले, आणि मी चपला काढायच्या आतच मागे खळ्यात मेस्त्री ओरडला.

आप्पा पोचल्या पोचल्या दोर धरून पाणी मारायला गेले होते. जोत्यावर चढून, स्वतःच्या घरात चालावं तसे, हात पुढे न करता ते न्हाणीच्या दाराकडे चालत गेले होते. कपाळ फुटलं नाही, पण चांगलं टेंगूळ आलं. मी हळद लावत होते तर म्हणाले, "लागलं न्हाय गं लई." मग थोड्या वेळानं, "दार गेलं व्हय?"

दुसऱ्या दिवशी ते खळ्यात गेले नाहीत. पाइप गडी धरेनात, म्हणून मेस्त्रीनं हाका मारल्या. आप्पा म्हणाले, "आता कुनीबी मारा. मला काय, हात धरून न्याल तितं बसीन." आणि ते खरंच भिंतीला टेकून बसून राहिले. आंघोळीलाही हाक मारावी लागली.

त्या संध्याकाळी मी ह्यांना सोडलं नाही. "त्यांचे डोळे परत आणायला निघालात आणि हातात होतं तेही काढून घेतलंत," मी म्हटलं. वडिलांच्या मायेपोटीच केलं होतं ह्यांनी, ते मला कळत होतं, म्हणून जास्तच राग येत होता.

सुट्टीच्या दिवशी सकाळी खळ्यातून ठोकल्याचा आवाज आला. मला वाटलं मेस्त्री. जाऊन बघते तर हे. बनियनवर, हातात हातोडा, बुजवलेल्या दारातले चिरे एकेक करून काढताहेत. मेस्त्री आल्यावर कानडीत बराच बडबडला, एकच काम किती वेळा करायचं म्हणून. ह्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. दार मोकळं झाल्यावर हातपाय न धुताच हे जुन्या घरात आले आणि आप्पांसमोर उभे राहिले. "आप्पा, भिंती तापल्यात. येतासा न्हवं? दार हाय तितंच हाय."

आप्पा उठले. दोर धरून गेले, जोत्यावर चढले आणि त्या दारापाशी थांबले. दोन्ही बाजूंना तळवे टेकले. मग आत गेले, बाहेर आले, परत आत गेले. "पाइप दे," म्हणाले.

कुणाचे उपकार मानायचे म्हटलं तर मी त्या भिंतींचे मानते. ह्यांचेही मानते, स्वतःच्या हातानं स्वतःची भीती फोडणं सोपं नसतं. आणि त्या फटकळ मेस्त्रीचेही, ज्यानं कसलाही विचार न करता एक दोर बांधला. तो दोर आता आमच्या गच्चीवर आहे. कपडे वाळत घालतो त्यावर.

हे सगळं मी शाळेतल्या बाईंना सांगितलं. चहा केव्हाच संपला होता. त्यांनी विचारलं, "मग वास्तुशांतीला आप्पांचं कसं झालं?"

वास्तुशांतीला अंगण पाहुण्यांनी भरलं होतं. निपाणीची नणंद आली, बाहेर उभ्या असलेल्या आप्पांना बघितलं आणि धावत जाऊन तिनं त्यांचा हात धरला. नवं घर, अडखळतील, या काळजीनं. "चला आप्पा, सावकाश. उंबरा हाय," ती म्हणाली.

आप्पांनी हात सोडवून घेतला. "सोड गं. ह्या घरात पावनी तू हाईस," म्हणाले. "मागनं ये. मी दावतो घर."

आणि आम्ही सगळे त्यांच्या मागनं आत गेलो.