नववा कोण?

बाईंची उभी हयात बसस्थानकाच्या माईकसमोर गेली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली रद्द, कुणाचं पोर हरवलंय, सगळं गाव त्यांच्या तोंडून ऐकायचं. निवृत्त झाल्यावरही त्या स्वयंपाकघरातून "चहा तयार आहे" म्हणाल्या की मुलाला बॅग उचलून पळावंसं वाटे.

अशा बाईंच्या पोटात पंधरवडाभर एक गोष्ट राहिली होती. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्यांशी त्यांनी लग्न ठरवलं होतं. दोघंही साठीपलीकडचे, दोघंही एकटे. मुलाला आणि सुनेला येत्या रविवारी त्या स्वतः सांगणार होत्या, नीट शब्द जुळवून. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या पुकारल्या. ही स्वतःची होती. ती दुसऱ्या कुणी पुकारलेली त्यांना खपणार नव्हती.

आणि शुक्रवारी सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता मुलगा म्हणाला, "आई, काल दुपारी कोणी आलं होतं का गं?"

"माझ्याकडे कोण येणार?" बाई म्हणाल्या. कान मात्र लाल झाले.

घड्याळवाले आले होते, पण मागच्या दाराने. पुढची घंटा येणाऱ्याचा फोटो मुलाच्या फोनवर पाठवते, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. मग चहाडी केली कुणी?

दुपारी घड्याळवाले पुन्हा हजर झाले, मागच्याच दाराने. घरातली जी जी वस्तू वायफायला जोडलेली असते तिचं नाव फोनवर कुठे दिसतं, हे सुनेनेच बाईंना शिकवलं होतं. त्यांनी उघडून पाहिलं. आठ नावं होती.

"एकेक बंद करत चला," घड्याळवाले म्हणाले. "कुठलं नाव गळतं ते बघू. घड्याळ असंच खोलतात. एक चाक काढायचं, काय थांबतं बघायचं."

टीव्हीची पिन काढली, एक नाव गळलं. गाणी लावणारा डबा गप्प केला, आणखी एक गळलं. एवढ्यात सोफ्याखालून केर काढणारं यंत्र घरघरत आलं आणि घड्याळवाल्यांच्या टाचेवर आदळलं.

"हाच तो! माझ्या मागावर आहे!"

"तो कचऱ्याच्या मागावर असतो," बाई म्हणाल्या.

दोघंही भिंतीला टेकून हसत सुटले. आठही नावांची ओळख पटली, तरी चहाडखोर सापडेना. सगळे जागेवर, सगळे निर्दोष.

"काल तुम्ही इथे केलंत काय काय?" बाईंनी विचारलं.

"चहा प्यायलो. तुमच्याकडे बघितलं. भिंतीवरचं घड्याळ उतरवलं."

"हात कसा पुरला?"

"तो काचेचा पाट घेतला ना पायाखाली. दोन बोटं उंची मिळाली."

"पाट?"

बाईंनी पाट पाहिला. तो मुलाचा वजनकाटा होता. हौसेने आणला, चार दिवस वापरला आणि पॅसेजमध्ये ढकलून दिला. पिन नाही, वायर नाही, पोटात नुसते सेल.

"चढा," त्या म्हणाल्या.

घड्याळवाले चढले आणि फोनवर नववं नाव उगवलं. उतरले, थोड्या वेळाने मावळलं.

"सापडला!" बाईंनी टाळी वाजवली आणि आनंदाच्या भरात, त्यांच्या खांद्याला धरून, स्वतःही काट्यावर चढल्या. दोघं डुलत उभे असतानाच फोन वाजला. मुलगा होता.

"आई, वजनकाटा सांगतोय घरात अनोळखी माणूस आहे. काल अठ्ठ्याहत्तर किलोंचा होता, आज एकशे बत्तीस. कोण आहे हा, आणि खातो काय?"

घड्याळवाल्यांनी फोन बंद करण्याची खूण केली. पण रविवारपर्यंत थांबायचं, तर बातमी काटा देणार. बाईंनी घसा खाकरला.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. बऱ्याच वर्षांच्या विलंबाने धावणारी, आई आणि कोपऱ्यावरचे घड्याळवाले यांच्या लग्नाची गाडी फलाटावर लागली आहे. चिरंजीव आणि सूनबाईंनी आपापल्या जागा घ्याव्यात. कुणालाही मागे ठेवले जाणार नाही."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मुलगा हसू आवरत म्हणाला, "आई, सुटणार कधी?"

"वेळेचं त्यांना विचार." बाईंनी फोन घड्याळवाल्यांच्या कानाला लावला, काटा उलटा केला आणि पोटातले सेल काढून ओट्यावर ठेवले. घरात निवेदक एकच पुरे होता.