ओळीबाहेरचं नाव

माझी बायको मला पुरती ओळखून होती. पण ही गोष्ट तिलाही कधी सांगितली नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका. म्हातारपणी जीभ सैल होते म्हणा हवं तर.

तिकडे अमेरिकेत लढाई पेटली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हाची ही गोष्ट. मी अकोल्याच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर. ऐट काय विचारता! लहानपणी संस्कृत वृत्तं घोकलेली, म्हणून इंग्रजी कविताही मी तशीच मोजायचो — बोटांच्या पेरांवर, अक्षर न् अक्षर. सगळ्या ओळी सारख्या भरल्या की कविता शुद्ध. एक अक्षर जास्त झालं की वृत्तभंग, खेळ खलास. हे मला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. पण मला विचारणारं तरी कोण होतं?

युसूफ माझा बालमित्र. कापसाच्या एका व्यापाऱ्याकडे मुनशी होता. खरेदीला येणाऱ्या साहेबांचं बोलणं ऐकून ऐकून इंग्रजी शिकलेला. त्या साली त्याची पोरगी तापानं गेली. जैनब. कापसाच्या ढिगात लपायची, आणि शिंक आली की सापडायची.

काही दिवसांनी त्यानं एक कागद माझ्यापुढे ठेवला. तिच्यावर कविता — आणि तीही इंग्रजीत. इंग्रजीत काहून रे, मी विचारलं.

"माह्या बोलीत लिवाले बसलो का रडू येते, मास्तर. ह्या बोलीत लिवनं होते. पाहून दे. चूक असन तं तिच्या नावावर ठेवाची नाई."

मी मोजलं. दहा, दहा, दहा — आणि जिथं ओळ जैनबवर संपत होती, तिथं अकरा. दर वेळी. वाचताना कानाला खटकलं होतं का? नाही हो! उलट त्या ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या होत्या. पण बोटं सोडून कानावर विश्वास ठेवील तो मास्तर कसला? मी लाल शाईनं त्या नावाखाली रेघ ओढली आणि म्हटलं, हे नाव काढ, बसत नाही.

तो त्या रेघेकडे बघत राहिला. नाव काढल्यावर ती कविता कुणाची राहणार होती? घरी जाऊन त्यानं कागद चुलीत घातला. हे मला भाभीनं, त्याच्या बायकोनं, सांगितलं, रडत रडत.

पुढे अमरावतीला मास्तरांची सभा भरली. एका साहेबानं कविता म्हणून दाखवली, टेबलावर बोटानं ठेका धरून. मी आपला सवयीनं मोजत होतो. अकरा! मी उठून चूक दाखवली — मोठ्या तोऱ्यात. साहेब हसला. म्हणाला, इंग्रजीत नुसती अक्षरं मोजून भागत नाही, जोर कुठं पडतो ते ऐकायचं. शेवटी एक हलकं अक्षर जास्त आलं तर ओळ मोडत नाही, उलट हळुवार होते. मी खाली बसलो. तो ठेका चालूच होता, आणि मला त्यात जैनब, जैनब ऐकू येत होतं.

परतताना बडनेऱ्यापासून पुढे कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडवलेला. युसूफला सांगायचं ठरवायला वेळच वेळ मिळाला. ठरवलंही. अकोल्यात युसूफ दारातच भेटला.

"काय शिकून आला, मास्तर?"

काही नाही म्हटलं, जुनंच.

का? लाज वाटली — दुसरं काय! सभेत वाटली त्याहून जास्त, त्याच्या एकट्यासमोर. त्यानंतर आम्ही वर्षानुवर्षं रोज भेटत होतो. त्यानं पुन्हा एक ओळ लिहिली नाही, आणि मी रोज त्याच्याकडचं पान खाऊन घरी येत होतो. भेकड होतो मी. अगदी भेकड.

त्याच्या शेवटच्या आजारात मी उशाशी बसलो होतो. तो म्हणाला, "तिचं दुसरं नाव ठेवलं असतं तं ओळीत बसलं असतं, नाई?"

मला सगळं माहीत होतं. मी हो म्हणालो.